माझ्याविरुद्धचा अर्ज

सांगलीत हळदीच्या एका जुन्या गुदामात म्हाताऱ्या माणसांचं घर होतं. गावातली माणसं त्याला 'म्हाताऱ्यांचं गुदाम' म्हणत. काही व्यापाऱ्यांनी कमिटी करून ते चालवलं होतं. भिंतींना चुना दिला होता, तरी फरशीच्या फटीतून पिवळी पूड निघायची आणि उन्हाळ्यात सगळ्या खोल्यांना हळदीचा वास यायचा. तिथं मी साडेचार वर्षं सेविका होते.

मी तिथं कशी गेले ते थोडक्यात सांगते. आमचं गाव कोरेगावच्या बाजूचं. नवरा पलटणीत होता. लढाई सुरू झाल्यावर तो आफ्रिकेत गेला, आणि पुढच्या वर्षी त्याच्या मरणाचा कागद आला. मूलबाळ नव्हतं. सहा महिन्यांनी दिरानं मला सांगलीला माझ्या मामाकडे आणून सोडलं. मी मराठी सातवी पास होते. मामाच्या ओळखीनं हे काम मिळालं. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते.

घरात एकोणीस माणसं होती, अकरा बायका आणि आठ पुरुष. देखरेखीला एक निवृत्त मास्तर होते, त्यांना सगळे गुरुजी म्हणत. स्वयंपाकाला एक बाई, वरकामाला एक बाई आणि मी. नियम गुरुजींनी केलेले. पहाटे पाचला उठायचं, गार पाण्यानं आंघोळ करायची. नव्या माणसाचं गाठोडं आल्या दिवशी कोठीच्या खोलीत जमा व्हायचं. बायकांचे केस उवांसाठी बारीक कातरायचे. फाटकाला दिवसरात्र कुलूप. हे सगळं नीट पार पाडण्याचा मला अभिमान होता. माझ्या हाताखाली एकाच्याही डोक्यात ऊ नव्हती. मी त्यांच्याशी बोलायचेही तशीच, लहान पोरांशी बोलावं तशी. 'शहाणी ना माझी आजी? मग एवढा घास घे बघू.' घास घेतला गेला की मला बरं वाटायचं. त्या माणसाला काय वाटत असेल हा विचार माझ्या मनात आला नव्हता.

पुरुषांमध्ये एक हवालदार होते. पहिल्या लढाईत ते बसऱ्याकडे गेले होते आणि तिथं डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. बायको वारलेली, मूल नाही, पुतण्यांशी पटेना. इतरांना कुणी ना कुणी आणून सोडलं होतं. हे एकटेच स्वतःच्या पायानं आले होते, 'म्हंजी एका पायानं', असं तेच हसत सांगायचे. त्यांची कागदपत्रं मी लिहून द्यायची. मला ते कधी बाई म्हणत, कधी पोरी.

उन्हाळ्याच्या शेवटी जतकडची एक धनगर म्हातारी आली. मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात तिच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता आणि डोळ्यावर हिरवं फडकं बांधलेलं होतं. बरोबर पुतण्या होता. त्यानं गुरुजींशी बोलून कागद केला, तिचा अंगठा उठवला, पायांना हात लावला आणि तो गेला. तिच्याकडे गाठोडं म्हणजे एक काळी घोंगडी होती, काठाला पांढऱ्या रेघा असलेली, जाड आणि जड. ती मी कोठीत न्यायला उचलली तशी तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि ओरडली, "बेडा! बेडा!" तिकडं मराठीत कानडी मिसळलेलं असतं. बेडा म्हणजे नको. कानडीतला मला कळलेला पहिला शब्द तो. आरडाओरडा नको म्हणून गुरुजींनी घोंगडी तिच्यापाशी राहू दिली. केस मात्र कातरले. ती खाटेवर झोपायची नाही. अंगणात कडुलिंबाच्या बुडाशी घोंगडी टाकून झोपायची. रोज मी तिला आत आणायची आणि रोज ती परत बाहेर जायची.

थंडीच्या सुरुवातीला घरात खरजेची साथ आली. डॉक्टर येऊन गेले. सगळ्यांच्या अंगाला गंधकाचं मलम लावायचं आणि यच्चयावत कपडे उकळून काढायचे, असं त्यांनी सांगितलं. मागच्या अंगणात चुलाण पेटवून मी दिवसभर कपडे उकळले. घोंगडी हंड्यात मावेना. मी गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "त्या घोंगड्याचं तू बघ काय करायचं ते." लढाईचे दिवस होते, कपडा मिळायची मारामार होती, तरी मी फार विचार केला नाही. आत वरकामाची बाई म्हातारीला मलम लावत होती. तेवढ्यात मी घोंगडी चुलाणात घातली. लोकर नीट पेटत नाही, धुमसत राहते. वास दुपारपर्यंत जाईना.

मलम लावून म्हातारी बाहेर आली आणि तिनं झाडाच्या बुडाशी हातानं चाचपलं.

"बाय, माजी घोंगडी?"

"धुवायला टाकलीय आजी," मी म्हणाले.

हे इतक्या सहज तोंडातून निघालं की खोटं बोलतेय असंही मला वाटलं नाही. म्हाताऱ्या माणसांशी असंच बोलायचं असतं, अशी माझी समजूत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "वाळली का?"

"नाही अजून."

"दाट हाय ती. येळ लागंल," तिनंच माझ्या वतीनं सांगितलं. "उलटी करून टाक उनात. आनि काठाला पीळ घालू नगं, काठ उसवतोय."

तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशी तिनं विचारलं नाही. ताटातली अर्धी भाकरी तशीच ठेवली आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मला खरं तर हायसं वाटलं. विसरली असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

त्याच दिवशी दुपारी हवालदार कुबडी टेकत माझ्याकडे आले.

"बाई, रिकामी हाईस का?"

"बोला बाबा."

"कागद-दौत आण. अर्ज ल्ह्यायचा हाय."

त्यांच्या पेन्शनीचं काही असेल असं समजून मी कागद घेऊन बसले. ते ओट्यावर टेकले, कुबडी आडवी ठेवली आणि सांगू लागले.

"ल्ही. मेहेरबान कमिटीच्या सायबास्नी. ह्या घरात जतकडली एक बाई हाय, डोळ्यानं अधू. तिची घोंगडी तिला न इचारता जाळली."

माझा टाक थांबला. दौतीत बुडवायचं निमित्त करून मी मान खाली घातली.

"का थांबलीस?"

"बाबा, साऱ्या घरात खरूज होती. डॉक्टरांनीच सांगितलं—"

"ते तुजं म्हननं झालं. ते तू कमिटीम्होरं सांग, तुला बी बोलाय मिळंल. आत्ता माजं ल्ही."

मी लिहिलं. जाळणाऱ्याचं नाव घालायचं का, असं विचारलं.

"घाल की. तुजंच हाय न्हवं?"

मी माझं नाव घातलं.

"आनि म्होरं ल्ही. पाच दिस तिला खोटं सांगितलं, धुवायला टाकलीया म्हनून. ल्हिलंस?"

"लिहिलं."

"वाच."

मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, "अक्षर लय ब्येस हाय तुजं."

"बाबा, हे दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यायचं होतंत," मी म्हणाले. डोळ्यात पाणी आलं होतं आणि रागही आला होता.

"कुनाकडनं? गुरुजी ल्हितील व्हय? आनि पोरी, मला तुजा राग न्हाई. मी मागल्या अंगणात बसलो हुतो तवा, सगळं बगितलं. पलटणीत शिपायानं चूक केली तर आरोप त्येच्या तोंडावर वाचत्यात, माघारी न्हाई. म्हनून तुला तोंडावर सांगितलं. हितं आमचं उलटं हाय. आमचं काय करायचं ते सगळ्यास्नी ठावं असतंय, आमी सोडून."

मग ते म्हणाले की अर्ज म्हातारीचा आहे, तेव्हा अंगठा तिचा लागेल, आणि अंगठ्याच्या आधी तिला तो वाचून दाखवावा लागेल. तो कुणी वाचायचा हे त्यांनी सांगितलं नाही. गुरुजी सोडले तर तिथं वाचता येणारं माझ्याशिवाय कुणी नव्हतंच.

मी तिच्या खाटेपाशी खाली बसले आणि अर्ज वाचला. ती उठून बसली. चांगला डोळा माझ्या तोंडावर ठेवून तिनं सगळं ऐकून घेतलं.

"जाळली?"

"होय आजी."

"कंदी?"

"त्याच दिवशी. तुम्हाला त्या बाई आत मलम लावत होत्या तेव्हा."

ती म्हणाली, "तर मग ह्ये पाच दिस मी कशाची वाट बगत हुते?"

तिनंच मग सांगितलं. लोकर तिच्या स्वतःच्या मेंढरांची होती, सूत तिनं स्वतः कातलं होतं, नवरा जिवंत असताना. सनगरानं विणून दिली होती. नवरा गेला तेव्हा त्याच्या अंगावर त्याची घातली, आणि ही तिनं स्वतःसाठी ठेवली होती, तिच्या मातीच्या वेळी अंगावर घालायला. हे सांगताना ती रडली नाही. मी रडत होते, पण त्याकडे तिचं लक्ष नव्हतं.

शाई लावून मी तिचा अंगठा धरला. ती म्हणाली, "थांब, मी लावते." आणि तिनं स्वतः अंगठा टेकवला. मग म्हणाली, "ह्या कागदावर काय हाय ते तरी कळलं. पयल्या कागदावरचं कुनी वाचलं न्हवतं."

अर्ज मी गुरुजींकडे नेऊन दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढला. "तू तुझ्याच विरुद्ध अर्ज लिहून दिलास? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" त्यांनी कागद मेजाच्या खणात टाकला. तो तिथून हलणार नाही हे दिसतच होतं. मी हवालदारांना सांगितलं. त्यांनी मला त्याची दुसरी प्रत लिहायला लावली, म्हातारीनं परत अंगठा दिला. महिन्याच्या सभेच्या दिवशी हवालदार सकाळपासून फाटकाच्या आत खुर्ची टाकून बसले. कमिटीचे अध्यक्ष म्हणजे हळदीचे एक वयस्क व्यापारी. ते टांग्यातून उतरून आत आले तसे हवालदार कुबडीवर उभे राहिले, सलाम ठोकला आणि अर्ज त्यांच्या हातात दिला.

एरवी सभेच्या दिवशी आम्ही सगळ्या म्हाताऱ्यांना आंघोळी घालून, धुतलेले कपडे घालून ओळीनं बसवायचो. कमिटीची माणसं त्या ओळीसमोरून जायची, एकदोघांना 'कसं काय आजोबा?' म्हणायची, की झालं. सभा आतल्या खोलीत दार लावून व्हायची. त्या दिवशी अध्यक्षांनी अर्ज उभ्यानंच वाचला आणि म्हातारीला आत बोलावलं. हवालदार म्हणाले, "सायब, गोष्ट एकटीची न्हाई. सगळ्यास्नी ऐकू द्या." अध्यक्षांनी थोडा विचार केला आणि खुर्च्या बाहेर अंगणात मांडायला सांगितल्या.

अर्ज मला वाचायला लावला. एकोणीस माणसं, कमिटीचे पाच जण, गुरुजी आणि स्वयंपाकाच्या बाई, या सगळ्यांसमोर मी माझं नाव माझ्याच तोंडानं वाचलं.

कमिटीत एक कापडाचे व्यापारी होते, ते लगेच म्हणाले, "यांना बसून जेवायला मिळतं, अंगाला कपडा मिळतो, आणि वर एका घोंगडीसाठी खटला? उपकाराची काही जाण?"

हवालदार म्हणाले, "शेटजी, भाकरी दिली म्हनून मानूस इकत घेतलं व्हय?"

शेटजी उसळून उठायला लागले, पण अध्यक्षांनी हात वर केला आणि माझ्याकडे वळले. "बाई, तुम्हाला काय म्हणायचं आहे?"

मी उत्तर पाठ करून ठेवलं होतं. डॉक्टर, खरूज, हंडा, गुरुजींचं बोलणं, सगळं. त्यातलं थोडंच बोलले. "खरजेचं कारण होतं. पण त्यांना विचारलं नाही हे खरं आहे, आणि नंतर खोटं बोलले तेही खरं आहे."

"विचारलं असतं तर तिनं दिली असती का?"

म्हातारीच बोलली.

"दिली असती का न्हाई ते मला ठावं न्हाई. मी धा दिस उनात टाकली असती. आवं, खरूज मेंढरास्नी बी हुतीया. आमी काय मेंढरू जाळतोय व्हय?"

सगळे हसले. अध्यक्षही हसले. ती हसली नाही. अध्यक्षांनी विचारलं, "आजी, मग आता तुम्हाला काय पाहिजे?"

तिला नवी घोंगडी हवी असेल, असं सगळ्यांना वाटलं होतं. ती म्हणाली, "माजा त्यो पयला कागुद वाचा."

गुरुजी जागचे हलले नाहीत. अध्यक्षांनी दुसऱ्यांदा सांगितल्यावर ते आत जाऊन कागद घेऊन आले. त्यात लिहिलं होतं की मला कोणी वारस नाही, मी राजीखुशीनं मरेपर्यंत इथं राहायला तयार आहे, आणि इथल्या सर्व नियमांना माझी कबुली आहे.

"माजा पुतण्या आट दिसाचं म्हनला हुता," म्हातारी म्हणाली. "डोळा बरा हुईस्तंवर."

गुरुजी म्हणाले, "सगळ्यांचा मजकूर एकच असतो. छापून घेतलेला आहे." ते वाईट माणूस नव्हते, हे मला इथं सांगायला हवं. साथीच्या दिवसांत रात्रंदिवस ते आमच्याबरोबर राबले होते. एका छापील कागदात कुणाचं सगळं आयुष्य जमा होतं, हे त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं, जसं ते माझ्याही आलं नव्हतं.

अध्यक्षांनी त्या दिवशी दोन गोष्टी ठरवल्या. प्रत्येकाचा कागद ज्याचा त्याला वाचून दाखवायचा. आणि दिवसा फाटकाला कुलूप लावायचं नाही, जाणाऱ्यानं कुठं जातो ते सांगून जावं. पहाटेची आंघोळ, गाठोडी, केस यांवर चर्चा झाली पण ठरलं काही नाही. मला कामावरून काढावं असं कापडवाल्यांचं म्हणणं पडलं. अध्यक्षांनी म्हातारीला विचारलं. ती म्हणाली, "तिला कशाला काडता? आता तिला कळलंय. नवी आली तर तिला पुन्यांदा शिकवायचं." कापडवाले त्यानंतर सभेला आले नाहीत. गुरुजी महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. काम सांगायचं तर चिठ्ठी लिहून मेजावर ठेवत.

कागद वाचायला तीन रविवार लागले. ते काम माझ्याकडे होतं. एक म्हातारा तीन वर्षं तिथं राहत होता आणि तो समजत होता की हा दवाखाना आहे, बरं वाटलं की सोडतील. आष्ट्याच्या एका बाईच्या छापील कागदाखाली मुलानं लिहून दिलं होतं की आई बहिरी आहे आणि भ्रमिष्ट आहे. ती शांतपणे ऐकत होती. मग मला म्हणाली, "तू हळू वाचलंस तरी सगळं ऐकू आलं मला." तिनं मुलाला पत्र लिहायला सांगितलं आणि लिहून झाल्यावर टाकू नको म्हणाली. काहींना ऐकायचंच नव्हतं. एका आजोबांनी कानावर हात ठेवले. मी त्यांचा कागद घडी करून परत ठेवला.

फाटक उघडं झाल्यावर पहिल्याच आठवड्यात धनगर म्हातारी म्हणाली, मला गावी जायचंय. गुरुजी नको म्हणाले, डोळा कच्चा आहे, वाटेत पडेल. हवालदार म्हणाले, "पडली तर तिची ती पडंल." मी तिला मिरजेपर्यंत पोचवलं. तिकडं जाणाऱ्या छोट्या आगगाडीत तिच्याच गावाकडची एक बाई मिळाली, तिच्या हवाली केलं. गाडी सुटेपर्यंत म्हातारी माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

बावीस दिवसांनी ती परत आली. एका गाडीवानानं तिला फाटकाशी उतरवलं. झालं होतं असं की पुतण्या मेंढरं घेऊन बायकापोरांसकट भीमेच्या अंगाला गेला होता. खोपट बंद होतं. शेजारणीनं तिला ठेवून घेतलं, पण त्या घरी पाणी दीड कोसावरून यायचं, आणि हिला नीट दिसत नसल्यानं कामाला हात लावता येईना. शेजारीण काही म्हणाली नाही. हिलाच राहवेना.

मी म्हटलं, "आलात आजी, बरं झालं."

ती म्हणाली, "तवा मला आनली हुती. आता मी आलीया."

तिनं मला नवा कागद लिहायला लावला, तिच्या तोंडचा. मी अंगणात झोपणार. माझे केस कातरायचे नाहीत. भात मला पचत नाही, भाकरी द्या. मी मेले तर पुतण्याला कळवा, पण त्याच्यासाठी खोळंबू नका. मी दोनदा वाचून दाखवलं आणि तिनं अंगठा दिला. गुरुजींनी तो कागद बघितला, बराच वेळ हातात धरला आणि फायलीत लावला. छापील कागद त्यांनी त्यानंतर वापरले नाहीत. पुढं केस कातरायचेही आपोआप बंद झाले. उवा झाल्या, आणि आम्ही त्या फणीनं काढल्या.

अध्यक्षांनी तिच्यासाठी नवी घोंगडी पाठवली. तिनं ती हातानं चाचपून बघितली, "गिरणीचं सूत घातलंय ह्यात," म्हणाली आणि हवालदारांना देऊन टाकली. त्यांनी ती आनंदानं वापरली.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं समजू नये. हवालदारांनी दर रविवारी ओट्यावर तक्रारी ऐकायला सुरुवात केली आणि लिहायला मी. भाकरी जाड आहे, अमक्याची खाट वाऱ्याला का, तमकी माझ्या तांब्यानं पाणी पिते. माझा जीव मेटाकुटीला यायचा. एका रविवारी आठ पुरुषांमधल्या बाकीच्या सात जणांनी मिळून हवालदारांच्याच विरुद्ध तक्रार केली, की ते बिड्या ओढतात आणि कुबडी मुद्दाम आपटत चालतात. त्यांनी ती मला पुरी लिहायला लावली, स्वतःसमोर वाचायला लावली आणि बिड्या अंगणात ओढायचं कबूल केलं. कुबडीचं मात्र त्यांनी मानलं नाही.

म्हातारी आणखी दोन वर्षं जगली. मला माफ केलं असं तिनं कधी म्हटलं नाही, आणि मीही विचारलं नाही. पण अंगाला तेल लावायला ती मलाच बोलवायची आणि हात कुठं थांबवायचा ते सांगायची. एका उन्हाळ्यात चार दिवसांच्या तापानं ती गेली. अंगावर काय घालायचं ते तिनं कागदात सांगितलं नव्हतं. तिचं रोजचं लुगडं घातलं. आम्ही कुणासाठी खोळंबलो नाही. पुतण्या पाचव्या दिवशी आला. मी त्याला तिचा कागद वाचून दाखवला. तो पागोटं मांडीवर घेऊन ऐकत बसला. "आट दिस म्हनलो हुतो," तो म्हणाला. "मग यायला त्वांड ऱ्हायलं न्हाई, बाई."

स्वराज्य आल्यानंतरच्या वर्षी साताऱ्याहून दिराचं पत्र आलं. त्याला तिथं नोकरी लागली होती, सासू त्याच्याकडे होती, तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं आणि तिला बघायला कुणी नव्हतं. तू अशी कामं करतेस असं ऐकलं, असंही त्यात होतं. मी चार दिवस विचार केला. मग घरात सगळ्यांना सांगून, निरोप घेऊन गेले. हवालदारांनी मला सलाम ठोकला. त्यानंतर माझी त्यांची भेट झाली नाही.

सासूची जीभ जड झाली होती, पण डोकं स्वच्छ होतं. पहिल्या दिवशी मी तिला विचारलं, आधी तोंड धुऊ का चहा करू? कोणती कूस बरी वाटते? खिडकी उघडू? तिनं डाव्या हातानं मला थांबवलं आणि मोठ्या कष्टानं बोलली, "किती इचारतीस? कर की आपलं."

मी तेव्हापासून बारीकसारीक गोष्टी विचारणं सोडलं. खाट कुठं ठेवायची ते मात्र विचारलं. तिला ती दारातच हवी होती, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येईल अशी, म्हणजे रस्ता दिसेल. दिराला ते आवडलं नाही. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही, म्हणाला. तो माझा दीर, घर त्याचं, आणि मला तिथं आणणाराही तोच. मी त्याला म्हणाले, "भावजी, त्यांना विचारा." त्यानं विचारलं. खाट दारातच राहिली.

तिथं पडल्या पडल्या ती रस्त्यानं जाणाऱ्या बायकांना हाक मारायची आणि माझ्या तक्रारी सांगायची. भाजी अळणी करते, कपडे घासून घासून विरवते. मी आत चुलीपाशी बसून सगळं ऐकायची. शेजारच्या बाई एकदा न राहवून म्हणाल्या, "अहो, ती तुमचं एवढं करते, आणि तुम्ही तिच्या समोरच बोलता?"

सासू म्हणाली, "मग माघारी बोलू व्हय?"